भावाच्या होडीची बॅटरी

"...मग त्याने असं का म्हणावं, बाबा?"

रघुवीर भाटकर हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. इसाकबाबांनी अजून एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खोलगट कुशीत, पिराचा एक लहानसा दर्गा आहे. तिथे हा म्हातारा फकीर राही. तरुणपणी त्याने तांडेल म्हणून होड्या चालवल्या होत्या असं लोक सांगत. तो स्वतः काही सांगत नसे.

रघुवीर दर गुरुवारी येई. रिकाम्या हाताने कधी आला नव्हता. आजही त्याने साखर, अगरबत्ती आणि बाबांसाठी नवी चटई आणली होती. चटई अजून दोरीने बांधलेलीच होती आणि बाबा जमिनीवर बसले होते.

बाबांनी शिदोरीचं फडकं सोडलं. भाकरी मोडली. अर्धी त्याच्यापुढे केली.

"नको बाबा. जेवून आलोय."

तो जेवून आला नव्हता. सकाळपासून एका चहावर होता.

बाबांनी अर्धी भाकरी परत फडक्यात ठेवली.

"काय म्हणाला भाऊ?"

"म्हणाला, दादा, उद्यापासून बॅटरी भरून आणू नकोस. मी होडीवर सोलर बसवतो."

"बसवू दे."

"बसवू दे कसं? नऊ वर्षं, बाबा... नऊ वर्षं मी एक दिवस चुकवलेला नाय."

यात खोटं काही नव्हतं. धाकट्या भावाच्या, मोरेश्वरच्या होडीवर दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन चालू करायची. दुसरी दिव्यांची, वायरलेसची आणि पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची. इंजिन जुनं, त्याचा डायनमो पहिलीलाच कसाबसा पुरे. म्हणून दुसरी बॅटरी रोज सकाळी माशांबरोबर किनाऱ्यावर उतरे आणि रघुवीरच्या पिकअपमध्ये चढे. तो मासळी घेऊन घाटावरच्या बाजाराला जाई. गाडी धावे तोवर गाडीचं इंजिन तिला भरत राही. जाताना अर्धी, येताना पुरी. संध्याकाळच्या आत ती बंदरावर भावाच्या हातात.

ही जोडणी रघुवीरने स्वतः केली होती. गाडीच्या बॅटरीपासून मागच्या हौद्यापर्यंत वायर ओढली होती आणि मधे एक डबी बसवली होती. डबीतून करंट एकाच बाजूने जाई. गाडीकडून होडीच्या बॅटरीकडे जाई, तिकडून इकडे येत नसे. बंदरावर चार जण जमले की तो ही डबी हमखास दाखवी.

वडील गेले तेव्हा मोरेश्वर चौदा वर्षांचा होता. रघुवीरने त्याला वाढवलं, होडी घेऊन दिली, लग्न लावून दिलं. पोटाला चिमटा काढून केलं, आणि ते कुणाला विसरूही दिलं नाही. तोंडाने तो चकार शब्द काढत नसे. पण न बोलताही पुष्कळ सांगता येतं.

"मोरेश्वर वाटा देतो तुला?" बाबांनी विचारलं.

त्या बंदराची रीत अशी, की होडी किनाऱ्याला लागल्यावर जो हात लावेल त्याला ताज्या मासळीतला वाटा मिळतो. दोरी ओढली तरी, टोपली उचलली तरी. परक्यालाही कुणी वगळत नाही.

"देतो की. रोज टोपली काढून ठेवतो. सुरमई मिळाली तर सुरमई."

"मग?"

"मी परत पाठवतो."

"रोज?"

"रोज. त्याची पोरं लहान हायत. आणि पाठच्या भावाकडून मी काय घ्यायचं?"

"एकदाही घेतला नाहीस?"

"नाय." हे सांगताना रघुवीरची मान जरा ताठ झाली. "देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, बाबा. तुम्हीच तर सांगता."

"मी कधी सांगितलं?"

रघुवीर आठवू लागला. त्याला आठवेना.

बाबांनी खाडीकडे पाहिलं.

"पाणी भरत आलं," ते म्हणाले.

रघुवीर ताडकन उठला. पावणेपाचची भरती होती. तेवढ्या पाण्यावर होडी बाहेर काढावी लागे. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी वाळू वर येई आणि मग पहाटेच्या भरतीपर्यंत वाट बघायची.

त्याने गाडीत बसून किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेवढंच.

मग त्याचं लक्ष दिव्यांच्या खटक्याकडे गेलं. घाटात धुकं होतं म्हणून पुढचे दिवे लावले होते, ते तसेच राहिले होते. गाडीची बॅटरी सहा वर्षांची. होडीला त्याने तेवढ्या काळात दोनदा नवी आणून दिली. स्वतःच्या गाडीचं पुढच्या महिन्यात बघू, असं चाललं होतं.

तो उतरला आणि गाडी ढकलू लागला. पुढे चढ, मागे चढ. मासळीचे रिकामे क्रेट उतरवून पाहिले. गाडी हातभर हलली आणि परत जागेवर आली. वाटेवर दुसरं वाहन नव्हतं. फोनला रेंज नव्हती. बंदर खाली पाच किलोमीटर.

बाबा पायरीवर बसून बघत होते.

"तो थांबेल?" त्यांनी विचारलं.

"मोरेश्वर?" रघुवीरने कपाळ पुसलं. "भाटकरांचाच तो. पाण्याची वेळ झाली की निघेल. दिवे नसले तरी निघेल."

दिव्याविना, वायरलेसविना, अंधारात मोठ्या बोटींच्या वाटेवर... सकाळपासून तो भावावर रागावला होता. आता राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. नुसती भीती उरली.

"मागे एक भरलेली आहे ना?" बाबा म्हणाले.

"ती होडीची."

"भरलेली आहे ना?"

"पुरी भरली हाय. पण तिच्यातून इकडे येत नाय. मधे डबी हाय."

"डबी कोणी बसवली?"

"...मीच."



रघुवीरच्या सीटखाली जाड केबलची जोडी कायम असे. रस्त्यात कुणाची गाडी अडली की आपल्या बॅटरीवरून ती चालू करून द्यायची. निम्म्या तालुक्याच्या गाड्या त्याने तशा चालू करून दिल्या होत्या. डबी सोडून ती केबल सरळ एका बॅटरीवरून दुसऱ्या बॅटरीला लावली असती तर गाडी आत्ता सुरू झाली असती. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. किल्ली दुसऱ्यांदा फिरवली तेव्हाच ठाऊक होतं.

तो उभाच राहिला.

"ती त्याची हाय, बाबा. भरून द्यायची म्हणून घेतली. तिच्यातलंच मी कसं घेऊ?"

"भरली कोणी?"

"म्हणून तर. दिलेलं परत घेतलं असं होईल."

"मग चालत जा."

"पाच किलोमीटर? ही खांद्यावर घेऊन? पोचेपर्यंत पाणी उतरेल."

"उतरेल," बाबा म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती, कीव नव्हती. पाणी उतरणार होतं, एवढंच ते सांगत होते.

खाली खाडीत एका होडीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मोरेश्वरची नव्हती. त्याच्या इंजिनाचा आवाज रघुवीर शंभरात ओळखी. पण होड्या निघायला लागल्या होत्या.

रघुवीरने सीट उचलली आणि केबल काढली. हौद्यात चढला. होडीच्या बॅटरीवर मोरेश्वरने खाऱ्या पाण्यापासून जपायला रबराचं टोपण बसवलं होतं, जुनी ट्यूब कापून, नीट शिवून. नऊ वर्षं रघुवीर ते रोज हाताळत होता. ते शिवलेलं आहे हे आज त्याने पाहिलं.

त्याने दोन्ही बॅटऱ्यांना चिमटे लावले. चोरी करत असल्यासारखं त्याला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मागत असल्यासारखं वाटलं.

त्याने किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

त्याने उतरून केबल काढली, टोपण जागेवर बसवलं, क्रेट चढवले. निघण्याआधी पायरीपाशी आला. डोळे ओले होते. ते त्याने घाम पुसायच्या निमित्ताने बाहीने पुसून घेतले.

"बाबा, हिच्यातला थोडा करंट गेला असेल."

"हं."

"बंदरावर पोचेपर्यंत बराचसा भरेल परत. त्याला कळायचं पण नाय."

बाबांनी फडक्यातली अर्धी भाकरी काढली आणि त्याच्यापुढे धरली. या वेळी नको म्हणायला त्याला सुचलं नाही. त्याने ती घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. भूक केवढी लागली होती ते पहिल्या घासाला कळलं.

इंजिन चालू होतं. तरी तो निघेना.

"सांगू का त्याला...?"

"बॅटरी देताना रोज काय म्हणतोस?"

"म्हणतो, घे, भरून आणली."

"आज म्हण, तुझ्यामुळे पोचलो."