अळवाच्या पानावरची थेंबुली

ओढ्याकाठी एक वाडी होती. ओढ्यात पाणी मात्र नव्हतं. नुसते पांढरे दगड आणि माशांचे काटे. त्या वाडीत चिमुरडी दुर्पी राहायची. तिचा धाकटा भाऊ सोनू तापात गेला, आणि आता त्याच तापानं आई अंथरुणाला खिळलेली.

"दुर्पे, आज शुक्रवार. देवीची वाटी घासलीस?" आईनं कोरड्या ओठांनी विचारलं.

"रिठ्यानं लख्ख केली गं." विसळायला पाणी नव्हतं, नुसती पुसून ठेवली, हे काही तिनं सांगितलं नाही.

पाणी शोधत ती रानात शिरली. सगळं रान करपलेलं. कड्याच्या सावलीत तेवढं अळवाचं एक हिरवंगार पान, आणि पानावर इवलासा थेंब. आत निळे, गुलाबी, सोनेरी रंग लुकलुकत होते. दुर्पी वाकून बघते तर काय, आत तांदळाच्या दाण्याएवढी परी!

"गिळून टाकतेस की काय मला?" परी हसली.

"नाही गं. मला सोनू परत दे."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस मागायचं नाही, बाळा. तो पहिला नियम."

दुर्पीनं डोळे पुसले. "मग आईला पाणी दे."

"ही थेंबुली पानासकट ने. तहानलेल्याच्या भांड्यात ठेव, भरून येईल. पण फेसाचं काही लागू द्यायचं नाही. हा दुसरा नियम."

"का गं?"

"पाण्याचे बारीक बारीक कण एकमेकांना ओढून धरतात. आतल्या कणाला चहूकडून सोबती. काठावरच्याला बाहेरून कुणीच नाही, म्हणून त्याची सगळी ओढ आतच. त्यानं काठ ताणला जातो आणि थेंब गोल होतो. फेसाचे कण काठावर घुसले, की पकड सैल झालीच."

"आमचंही तसंच," दुर्पी हळूच म्हणाली. "दोघीच उरलोय."

वाटेत, वेशीबाहेर, भानूआजीची झोपडी. वाडीनं भुताळीण म्हणून टाकलेली म्हातारी.

"पोरी, घोटभर देतेस?"

"थेंबच आहे, आजी."

"मग राहू दे. आई पडलीय ना तुझी."

दुर्पीचा पाय निघेना. तिनं गवताच्या काडीनं थेंबाचे दोन केले. दोन्ही पुन्हा गोल! एक आजीच्या कोरड्या मडक्यात सोडला आणि ती घराकडे धावत सुटली.

घरी स्वच्छ भांडं एकच, देवीची वाटी. तिनं थेंब त्यात ठेवला. थेंब थरथरला, चपटा झाला, तळभर पसरला आणि बघता बघता सुकून गेला.

रिठा! वाटीला त्याचा फेस तसाच राहिला होता.

"आई, मी मोडला गं थेंब!"

आईला बोलवेना. तिनं फक्त दुर्पीची बोटं घट्ट धरली. तिचा श्वास मंद होत चालला.

एवढ्यात दारात आवाज आला. "भुताळणीच्या हातचं चालेल का गं?"

कडेवर काठोकाठ भरलेलं मडकं घेऊन भानूआजी उभी होती.

"या ना, आजी! लवकर या!"

आई घोट घोट प्यायली. तिचे डोळे उघडले. मडक्याच्या तोंडाशी परी तरंगली, घरभर सोनेरी उजेड सांडला, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

सोनूची जागा रिकामीच राहिली. त्या जागेशेजारी भानूआजीनं आपली गोधडी अंथरली. दुर्पीनं तिचा हात धरून ठेवला, परत जाऊच दिलं नाही.

देवी माते, त्या तिघींनी जसे हात धरले, तसे आमच्याही घरात धरलेले राहू देत.