रिकामा खिळा

एकदा एक वृद्ध हस्तकला-गुरुजी होते आणि त्यांच्या हाताखाली हेमांगी नावाची एक शिष्या होती, जिला स्वस्थ बसणे म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. समोर कुणी पिशवीची गाठ सोडवू लागला की हिचे हात आपोआप पुढे सरसावत. लोक कौतुकाने म्हणत, पोरगी कामाची आहे. कामाची होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण हातांना उसंत नसली की माणसाची नजरही धड कुठे ठरत नाही, आणि इथेच तिचे घोडे पेंड खात होते.

गुरुजी लहान मुलांना खिळे-दोऱ्याची चित्रे शिकवीत. लाकडी फळीवर किड्याची आकृती काढायची, तिच्या कडेने बारीक खिळे ठोकायचे, आणि मग रंगीत दोरा या खिळ्यावरून त्या खिळ्यावर फिरवत न्यायचा. पाहता पाहता फळीवर फुलपाखरू उतरे, चतुर उतरे. गुरुजींची दृष्टी आता मंदावली होती आणि वर्ग हेमांगीकडे सोपवावा असे त्यांच्या मनात होते. मात्र वर्गाची खोली होती गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याची. त्याने स्पष्ट सांगितले होते, "रविवारी मुलांचं काम मांडा. मी बघतो. पसंत पडलं तर बाईंना खोली देतो, नाहीतर माझी पोती ठेवायला जागा हवीच आहे."

झाले. हेमांगीच्या जिवाला घोर लागला. कुणाचा दोरा सैल दिसला की ती ओढून घट्ट करी, कुणाचा पंख वाकडा गेला की उसवून स्वतः पुन्हा विणी. आता ही काय दुष्ट होती? मुळीच नाही. मुलांचे चांगले दिसावे हीच तिची तळमळ. चार दिवसांत सगळी फुलपाखरे एकाच घरची दिसू लागली आणि मुले हात मांडीवर ठेवून आपापली पाळी येण्याची वाट पाहू लागली.

शनिवारी व्यापाऱ्याचीच मुलगी, सहा वर्षांची दुर्वा, मुंगळा करायला बसली होती. एकही वेढा न घालता तिने दोरा हेमांगीपुढे धरला. "ताई, तुम्हीच करा. माझं वाकडंच होतं."

गुरुजींनी ते ऐकले. ते उठले, कपाटातून काळ्या दोऱ्याची लड काढली आणि हेमांगीला म्हणाले, "खाली बस. दोन्ही हात पुढे कर." तिने हात पुढे केले. गुरुजींनी ती लड तिच्या दोन्ही पंजांत अडकवली, दोऱ्याचे टोक दुर्वाच्या हाती दिले आणि म्हणाले, "दुर्वाबाई, मुंगळा पुरा होईपर्यंत ताईंनी हात हलवायचे नाहीत. हलवले तर गुंता होईल."

हेमांगीला काही उमजेना. प्रदर्शन उद्यावर आले आणि गुरुजींना हे काय सुचले?

दुर्वा कामाला लागली. पहिलाच वेढा चुकला. हेमांगीची बोटे शिवशिवली. मुलीने दोरा उलटा फिरवला, मग जीभ दातांत धरून पुन्हा सुलटा केला. हेमांगीच्या कपाळाला घाम आला, नाकाला खाज सुटली, पाठ अवघडली. तोंडाने तरी सांगावे म्हणून तिने "अगं, तो नाही, शेजार..." एवढे म्हटले, तर गुरुजींनी बोट ओठांवर ठेवले. जिवाची नुसती तगमग चालली होती. मुंगळ्याचे पोट झाले, डोके झाले, पाय झाले. दुर्वाने गाठ मारली, फळी लांब धरून न्याहाळली, आणि उड्या मारत घरी गेली.

हेमांगीने पाहिले तर पाय पाचच. सहाव्या पायाच्या टोकाचा खिळा रिकामाच राहिला होता.

लड हातांतून निघताच ती म्हणाली, "गुरुजी, पाय राहिला. उद्या तिचे वडील येणार. ते काय म्हणतील? आणि मला असं बांधून का ठेवलंत?"

गुरुजी म्हणाले, "फळीवरचे खिळे बघ. एक तरी खिळा दोऱ्याच्या मागे धावतो का? तो आपल्या जागी उभा राहतो, ओढ सोसतो, म्हणून दोऱ्याला वळता येतं. मुलांचंही तसंच असतं. त्यांना वळसा घालायला कुणीतरी पक्कं उभं लागतं. तूच धावत सुटलीस तर पोरांनी वळावं कुणाभोवती? आत्ता तुला जे होत होतं ना, ती तुझी तगमग होती. ती तू इतके दिवस त्यांच्या फळ्यांवर उतरवत होतीस." मग चपला घालता घालता म्हणाले, "दोरा तिथंच आहे. पाय बांधायचा असेल तर बांध. मी काही विचारणार नाही."

ते गेले. हेमांगी दोरा हातात घेऊन कितीतरी वेळ त्या फळीपुढे उभी होती. दोनदा तिने दोरा त्या खिळ्यापर्यंत नेला. एका पायाचा तर प्रश्न, कुणाला कळणार होते? पण वर्ग जाईल या भीतीहून "माझं वाकडंच होतं" हे शब्द तिला जास्त टोचू लागले. तिने दोरा ठेवला आणि दार लावून घेतले. घरी जाऊन जेवण मात्र गोड लागले नाही.

रविवारी व्यापारी दुर्वाचा हात धरून आला. फुलपाखरांवरून नजर फिरवत पुढे गेला, कारण एक पाहिले की सगळी पाहून होत होती. मुंगळ्यापाशी मात्र थबकला. त्याने पाय मोजले.

"पाच? आणि हा खिळा वाया का घालवला?"

हेमांगीच्या ओठांवर दहा उत्तरे आली. लेकरू लहान आहे म्हणावे, चूक माझी म्हणावे, आत्ता बांधून देते म्हणावे. तिने ती सगळी गिळली आणि जागच्या जागी उभी राहिली.

दुर्वाने वर पाहिले. "वाया नाही गेला, बाबा. मुंगळा चालतोय ना, म्हणून पाय उचललाय. आता तिथं टेकवेल."

व्यापारी फळीपुढे उकिडवा झाला. मांड्या दुखेपर्यंत तो त्या मुंगळ्याकडे पाहत बसला. मग उठून गुरुजींना म्हणाला, "पोती मी दुसरीकडे ठेवीन. वर्ग बाईंना घेऊ द्या."

गुरुजींनी हेमांगीकडे पाहिले. तिला आनंद झाला होता, पण त्याहून जास्त धस्स झाले होते. काल तो पाय तिने बांधला असता, तर मुंगळा उभाच राहिला असता.