एका दिवसाचा खंड

शालन गवारेबाई विद्यापीठात राज्यशास्त्र आणि कायदा शिकवत. विद्यापीठ त्यांना दरवर्षी नोकरीतून काढी आणि एक दिवस मध्ये सोडून पुन्हा घेई. अशी सतरा वर्षं गेली. शेवटी त्यांनी कायम करा म्हणून अर्ज दिला. कुलगुरू रणदिव्यांनी लेखी कळवलं, "तुमची सेवा सलग नाही. प्रत्येक नेमणूक नवी. तिचा आधीच्या नेमणुकीशी काहीही संबंध नाही."

शिवाय अर्ज केल्याचा राग धरून त्यांनी बाईंना चौकशीला बोलावलं.

"चार वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या सभेत तुम्ही माझ्याविरुद्ध बोललात. त्याची शिक्षा होईल."

बाईंनी कुलगुरूंचंच पत्र टेबलावर ठेवलं.

"सर, तुमच्या हिशेबाने मी इथे यंदाच आले. चार वर्षांपूर्वीच्या त्या बाईशी माझा काय संबंध? आणि ती मीच असेन, तर माझी सेवा सलग आहे. मग आधी मला कायम करा, शिक्षा नंतर द्या."

कुलगुरूंनी पत्र दोनदा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"चौकशी रद्द. जा तुम्ही."

"जाते, तास आहे माझा. पण हेही लेखी द्या. तुमचं लेखी फार उपयोगी पडतं."