खत कोणी पसरलं?

सांगलीचे निवृत्त इंजिनिअर रावसाहेब घोरपडे यांच्या बंगल्यासमोरची हिरवळ बघता बघता करपली. लेकीचा साखरपुडा तिथंच व्हायचा होता. ते पिवळं गवत पाहून सारं घर सुन्न झालं.

"या सगुणेनं भरमसाट युरिया ओतलाय," रावसाहेब गरजले. "आजपासून हिचं काम बंद."

शेजारच्या वस्तीतली सगुणा हिरवळीची निगा राखायला नुकतीच लागली होती. "मी खताला हातसुद्धा लावला नाही," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

रावसाहेबांच्या पत्नी इंदुमतीबाई हिरवळीभोवती एक फेरी मारून आल्या.

"खत जास्त पडलं खरं," त्या म्हणाल्या, "पण पसरलंय किती सारखं. एक कोपरा सुटलेला नाही. सगुणा, असा हात इंजिनिअरलाही साधायचा नाही."

रावसाहेबांना ते सोसवेना. "हिला काय जमतंय? दोरी बांधून, पट्टे आखून मी स्वतः टाकलंय ते."

बोलून गेल्यावर रावसाहेबांनी जीभ चावली.

"मग काम कोणाचं बंद करायचं?" इंदुमतीबाईंनी शांतपणे विचारलं.

साखरपुडा गच्चीवर झाला. सगुणा कामावर राहिली, आणि खताच्या पोत्याला हात लावण्याआधी रावसाहेब आता तिला विचारतात.