एक नगारा, दोन गावं

एक होता डोंगर. डोंगराच्या माथ्याखाली मेंढपाळांची एक वाडी होती आणि पायथ्याला सपाटीवर शेतकऱ्यांचं एक गाव. दोघांच्या मधे खिंडीत एक नगारा होता आणि नगाऱ्यापाशी सटवाजी नावाचा राखणदार. त्याचं काम एकच, आभाळ बघायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा म्हणजे कळेल. नांगरलेलं शेत संध्याकाळी दिसतं तरी. बघितलेलं आभाळ कुणाला दाखवणार?

चैत्र सरत आला की हे काम जिवावर यायचं. दुपार कलली की डोंगरावर ढग चढायचे. कधी नुसते गडगडून निघून जायचे, तर कधी लिंबाएवढ्या गारा ओतायचे. नेमकी त्याच दिवसांत वाडीची कोवळी कोकरं उघड्या माळावर चरत असायची आणि खाली गावात ज्वारीची मळणी चाललेली असायची. वर्षाची भाकरी खळ्यावर उघडी पडलेली. म्हणून रीत ठरली होती. सटवाजीने नगारा बडवला की वाडीने मेंढरं आडोशाला कोंडायची आणि गावाने रास उचलून घरात न्यायची. नगारा गप्प असला तर खुशाल कामं करायची.

इथवर रीत शहाण्यांची होती. पुढची कुणी घातली कुणास ठाऊक! नगारा वाजला आणि गारा पडल्याच नाहीत, तर घरात नेलेली ज्वारी सटवाजीने स्वतःच्या पाठीवरून पुन्हा खळ्यावर आणायची. वाडीची मेंढरं फुकट कोंडली गेली, तर त्यांचा पालाही त्यानेच डोक्यावर वाहायचा.

आता नगारा एक आणि गावं दोन! ढग डोंगरावर फुटला की खाली लख्ख ऊन. वाडीला हुलकावणी देऊन सपाटीवर बरसला की वरची माती कोरडीच. सटवाजी वर खरा ठरला तर खाली खोटा आणि खाली खरा ठरला तर वर खोटा.

"काय रे सटवाजी, कुठं आहेत तुझ्या गारा?" खालचे पाटील म्हणायचे. "या उन्हात पापड वाळतील. उचल पोती!"

वर गेलं की म्हाळू धनगर वाटेतच उभा. "आमची मेंढरं उपाशी ठेवलीस की गड्या. आण पाला."

संध्याकाळी सटवाजीची बायको धुरपा त्याच्या पाठीला तेल चोळायची.

"दमलो गं," तो म्हणायचा. "खरं बोलून दमलो आणि चुकून त्याहून दमलो."

"चुकणारच की. आभाळ काय आपल्या बापाचं आहे?"

"हे त्यांना कोण सांगणार?"

खरंच, कुणी सांगितलं नाही. मग सटवाजीनेच एक युक्ती काढली. तो रोज दुपारी नगारा वाजवू लागला. जोरात नाही, पण अगदी गप्पही नाही. हलक्या हाताने, शेजारच्या घरी कुणी दाणे कांडावेत तसा. गारा पडल्या की म्हणायचा, "वाजवला होता की!" नाही पडल्या की म्हणायचा, "जोरात कुठं वाजवला?"

ज्याला काम उरकायचं होतं त्याने त्या वाजण्यातून कोरडं आभाळ ऐकलं. ज्याला भीती होती त्याने ढग ऐकले. चुकीचं माप सटवाजीच्या पदरात कुणालाच घालता येईना. सटवाजीची पोती सुटली आणि पालाही सुटला. शिवाय जत्रेत पाटलांनी त्याला फेटा बांधला. "आता कसा सुधारलास!" म्हणाले. म्हाळूनेही मान डोलावली. हसू येतं बघा, पण लोक असेच असतात.

धुरपाला मात्र ते पटेना. "हे कसलं वाजवणं? ना हो, ना नाही."

"पाठ दुखत नाही ना आता? मग झालं तर."

सटवाजीची लेक गिरजा खालच्याच गावात दिलेली होती. तिने आणि जावयाने माळाचे धोंडे वेचून नवं रान केलं होतं. त्यात पहिल्यांदाच ज्वारी धड पिकली होती. दुसरा आधार त्यांना नव्हता. ती रास घरात आली तर वर्षभर भाकरी, नाही तर हरी हरी.

वैशाख लागला. एके दिवशी सकाळपासून वारा पडला. पाखरं चिडीचूप झाली. दुपारी डोंगरामागून ढग उठला, काळाकुट्ट, मधे हिरवट, आणि इतका रुंद की वाडी आणि गाव दोन्ही त्याच्याखाली यावीत. सटवाजीने उभ्या जन्मात इतकं स्पष्ट आभाळ पाहिलं नव्हतं.

"अहो, बडवा की!" धुरपा ओरडली. "लेकीची रास उघडी आहे!"

सटवाजीने टिपरू उचललं. हात वरच राहिला. "आणि गारा नाही पडल्या तर? दोन्हीकडची ओझी एकदम येतील. माझ्याच्यानं नाही होत आता."

"ओझी मी वाहीन! तुम्ही बडवा!"

"तू गप बस," सटवाजी म्हणाला आणि रोजच्यासारखा हलक्या हाताने वाजवू लागला.

खाली खळ्यावर जावई वर बघून म्हणाला, "झाकूया का गं?"

गिरजाने कान दिला. "आबांचा नगारा हळू वाजतोय. गारा येणार असत्या तर लेकीसाठी तरी जोरात बडवला असता त्यांनी." आणि तिने पुन्हा सूप हातात घेतलं.

मग गारा आल्या. वर आल्या, खालीही आल्या. माळावरची कोकरं जागच्या जागी आडवी झाली. म्हाळू त्यांना उचलून पोटाशी धरत होता, पण ऊब द्यायला जीव उरलाच नव्हता. खाली खळ्यांचा चिखल झाला.

सटवाजी धापा टाकत खाली आला. गिरजा चिखलात बसून ज्वारीचा एकेक दाणा वेचत होती. लोक जमले होते. पाटील लालबुंद होऊन ओरडले, "जोरात का नाही वाजवलास?"

सटवाजी लेकीपुढे जाऊन उभा राहिला. गिरजाने मान वर केली.

"आबा, ढग दिसला नव्हता का तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण आता त्याचाही कंटाळा आला होता.

"दिसला होता पोरी."

"मग?"

"ओझ्याची भीती वाटली."

गिरजाचे डोळे भरून आले. "पाटील," ती म्हणाली, "आमच्या आबांची पाठ तुम्ही मोडलीत. चुकले की पोती आणि काहीच सांगितलं नाही की फेटा!" मग ती बापाकडे वळली. "पण आबा, भाकरी माझी गेली."

पाटील खाली बघू लागले. सटवाजी लेकीशेजारी चिखलात बसला आणि दाणे वेचू लागला. ते पेरायच्याही कामाचे नव्हते.

पोती वाहायची ती रीत तिथून पुढे कुणी चालवली नाही. शहाणपण आलं खरं, पण त्या वर्षी गिरजाच्या घरात चूल एकच वेळ पेटत होती.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: सावध करणाऱ्याच्या प्रत्येक चुकीला शिक्षा केलीत, तर तो चुकायचा थांबत नाही, सांगायचा थांबतो. आणि दिसलेलं संकट जो आपली पाठ वाचवायला हळू आवाजात सांगतो, त्याने ते सांगितलेलंच नसतं.