सखाहरी प्रिंटर विकतो

तालुक्याच्या एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी राहत होता. धोंडूशेठने भांड्यांचं दुकान मोडून प्रिंटरचं थाटलं आणि सखाहरीला विकायला बसवलं. सखाहरीला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. धोंडूशेठलाही कळत नव्हतं, त्यामुळे निवड चुकली असं कुणाला म्हणता येईना. सासऱ्याने मात्र बजावलं होतं, "ही नोकरी टिकली तरच मुलीला नांदायला धाडीन." म्हणून सखाहरी जीव ओतून काम करायचा.

पहिल्याच दिवशी वकीलसाहेब आले. "वायरलेस प्रिंटर आहे का?"

"आत्ता करून देतो," सखाहरी म्हणाला आणि त्याने कात्रीने वायर कापून टाकली.

धोंडूशेठ खवळला. "गाढवा, मालाला हात लावायचा नाही. खोका आला तसा विकायचा. उघडायचासुद्धा नाही."

"बरं शेठ."

मग पोस्टमास्तर आले. "जरा चालवून दाखवा."

सखाहरीने बंद खोका फरशीवरून ढकलत पार उंबऱ्यापर्यंत नेला. "बघा, कुठं अडला का?"

पोस्टमास्तर उंबरा ओलांडून गेले ते गेलेच.

"अरे, उघडून दाखवावं," शेठ कळवळला. "आत काय आहे ते गिऱ्हाईकाला दिसायला नको?"

"बरं शेठ."

पुढे लग्नपत्रिका छापणारे तात्या आले, पांढराशुभ्र सदरा घालून. "काळ्या शाईची बाटली दे."

सखाहरीने बूच काढलं आणि बाटली त्यांच्यापुढे उलटी केली. "नीट बघून घ्या. तळापर्यंत काळीच आहे."

तात्यांना घरी धाडून शेठने कपाळ धरलं. "बाबा रे, तू काही करूच नकोस. कुणी काहीही विचारलं तर 'माहीत नाही' म्हण आणि गप्प बस."

हे सखाहरीला फार सोपं वाटलं.

दुपारी शेठ मागे जेवायला गेला आणि कॉलेजच्या प्राचार्यबाई आल्या. सगळ्या वर्गांसाठी प्रिंटर घ्यायचे होते.

"केवढ्याला एक?"

"माहीत नाही."

"गॅरंटी?"

"माहीत नाही."

"हे प्रिंटरचंच दुकान ना?"

"माहीत नाही."

आवाज ऐकून शेठ बनियनवरच, उष्ट्या हाताने धावत आला. "बाई, थांबा. मी मालक."

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग सखाहरीला विचारलं, "हे खरंच मालक आहेत?"

शेठने डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, हात जोडले. पण सखाहरी या वेळी चुकणार नव्हता.

"माहीत नाही," तो म्हणाला आणि गप्प बसला.