उदक कोणाच्या हातून सुटलं

पूर्वी शूर्पारक बंदरात विजितसेन राजा राज्य करीत होता, त्या जन्मी बोधिसत्त्व तिथे सोमिल नावाचा श्रेष्ठी होता. त्याच्याकडे स्वतःचं गलबत नव्हतं की कापडाचा एक ताका नव्हता. लोक आपली शिल्लक त्याच्याकडे आणून ठेवत आणि तो ती दुसऱ्यांच्या गलबतांत, बैलांच्या तांड्यांत, विणकरांच्या मागांत गुंतवत असे. कोण तारेल आणि कोण बुडवेल हे ओळखायची त्याची एक रीत होती. गलबत हाकणारा तांडेल नफ्याच्या गोष्टी सांगू लागला की तो म्हणे, "ते राहू दे. गलबताचा तळ शेवटचा कधी पाहिलास?" तांडेल अडखळला तर त्याला एक कवडी मिळत नसे. आणि माणूस कितीही भरवशाचा असो, सगळं धन एकाच शिडाखाली सोमिल कधी ठेवत नसे.

तरुणपणी लोक त्याला भित्रा म्हणाले. पुढे त्याच्याकडच्या ठेवी वाढत गेल्या तेव्हा तेच लोक दारात येऊन बसू लागले. जगाची रीतच आहे ती, उगवत्याला नमस्कार. आपल्या वाट्याच्या नफ्यातून त्याने वाटेवाटेवर पाणपोया घातल्या, आजारी खलाशांसाठी वैद्य ठेवला, पण एकाही दगडावर आपलं नाव घातलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणे, "तहानलेला माणूस वाचत बसत नाही."

त्याच्याकडे एक ठेव वेगळी होती. खलाशांनी दर फेरीच्या मजुरीतून घासघास बाजूला काढून ती उभी केली होती. तिला अक्षयनीवी म्हणत. म्हणजे मूळ धनाला कोणी हात लावायचा नाही, त्यावर जे व्याज येईल त्यातून समुद्रात गेलेल्यांच्या बायकामुलांना धान्य द्यायचं, तेही चंद्रसूर्य असेपर्यंत. सामा नावाच्या बाईचा नवरा असाच वादळात गेला होता. घरात दोन लहान मुली आणि आंधळी सासू. शिडं शिवून तेलमीठ कसंबसं सुटे, भात मात्र त्या निधीचा.

आता भद्रकीर्तीचं सांगतो. हा त्या नगराचा नगरश्रेष्ठी, व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा म्हणजे संघाचा प्रमुख, राजाच्या उजव्या हाताला बसणारा. पैसा बक्कळ, पण द्यायची वेळ आली की हात आखडता. नावाची हौस मात्र दांडगी. चिखलातून चालला तरी आपली पावलं नीट उमटलीत ना, हे मागे वळून बघणारा माणूस. त्याच्या मनात आलं की राजाच्या अभिषेकाच्या उत्सवात टेकडीवर शंभर खांबांची दानशाळा तपस्व्यांना अर्पण करायची आणि दारावर आपलं नाव कोरायचं. मनात आलं ते ठीक. पण खर्च कोणाच्या माथी? तो सरळ सोमिलाकडे आला.

"सोमिल, तो खलाशांचा निधी मला दे. नुसता पडून आहे."

"पडून नाही, नगरश्रेष्ठी. कामाला लागलेला आहे. त्यावर चुली पेटतात."

"चुलींचं काय घेऊन बसलास? दानशाळेचं पुण्य त्या बायकांनाही लागेल. पुढच्या जन्मी राण्या होतील."

"आणि या जन्मी जेवतील काय?"

भद्रकीर्तीचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "दानाला आडवा येणाऱ्याचं या नगरात काय होतं, ठाऊक आहे ना?"

सोमिलाला ठाऊक होतं. दान मोडणाऱ्याचं घरदार जप्त करून त्याला वेशीबाहेर काढत. तरी तो म्हणाला, "निधी माझा नाही, म्हणून मला देता येत नाही. तुमचाही नाही, म्हणून तुम्हाला मागता येत नाही."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचं एक वेळ सोडून देऊ, हलवायाकडे निदान मिठाई तरी असते. पण बुडालेल्या खलाशाच्या आंधळ्या आईच्या ताटातला भात उचलायचा आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची, याला दान म्हणणाऱ्याची जीभ कशी झडत नाही?

दान द्यायची त्या नगरातली रीत अशी. दात्याने झारीतलं उदक घेणाऱ्याच्या हातावर सोडायचं. उदक सुटलं की दान झालं, ते परत नाही. दान सामाईक असेल तर प्रत्येक वाटेकऱ्याने झारीला हात लावायचा, आणि गर्दीत हात पोचला नाही तर पुढच्याच्या कोपराला लावायचा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भद्रकीर्तीने मनाशी हिशोब केला की राजासमोर एकदा उदक सुटलं, की सोमिलाला निधी सोडावाच लागेल. उत्सवाच्या दिवशी सगळं नगर टेकडीखाली जमलं. वृद्ध तपस्वी हात पसरून उभे राहिले. भद्रकीर्तीने सोन्याची झारी उचलली आणि मोठ्याने घोषणा केली, "खलाशांच्या निधीतून शंभर खांबांची दानशाळा मी अर्पण करतो." श्रेणीतले म्हातारे व्यापारी खलाशांच्या वतीने रीतीप्रमाणे झारीला हात लावायला पुढे सरकले. याने त्यांना कोपराने मागे सारलं. "गर्दी करू नका, महाराजांना दिसत नाही," असं म्हणून त्याने एकट्याने उदक सोडलं. ढोल वाजले. राजाने हात जोडले.

गर्दीत सामा उभी होती. तिला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती माणसांतून वाट काढत सोमिलापाशी आली.

"बाबा, आमचा भात गेला का?"

तिने एवढंच विचारलं. ना रडली, ना शिव्या दिल्या.

बोधिसत्त्वाला राग येत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? आला. चांगला सणसणून आला. आपल्याला भित्रा म्हणणाऱ्या लोकांवर तो कधी चिडला नव्हता. पण या बाईच्या तोंडाकडे पाहून त्याची कानशिलं तापली. आपलं घरदार गेलं तरी चालेल, पण हे असं जाऊ द्यायचं नाही, असं मनाशी ठरवून तो राजासमोर जाऊन उभा राहिला. ढोल थांबले.

"दान मोडायला आलास का रे?" राजाने विचारलं.

"नाही महाराज. दान झालं आहे आणि ते शेवटच्या खांबापर्यंत पुरं झालं पाहिजे. मला एवढंच विचारायचं आहे, झारी कोणाच्या हातात होती?"

"भद्रकीर्तीच्या. सगळ्यांनी पाहिलं."

"आणखी कोणाचा हात लागला होता?"

राजाने श्रेणीतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांतला एक आपली बरगडी चोळत म्हणाला, "आम्ही लावत होतो, महाराज. लावू दिला नाही."

"मग हे सामाईक दान नव्हे," सोमिल म्हणाला. "ज्याच्या हातून उदक सुटतं, त्याच्या घरातून दान जातं. खलाशांच्या घरचं एक बोटसुद्धा त्या झारीला लागलेलं नाही. नगरश्रेष्ठींनी दिलं ते स्वतःचंच दिलं."

"मी निधीचं नाव घेऊन सोडलं होतं," भद्रकीर्ती ओरडला.

"नाव तर कोणाचंही घेता येतं. मी तुमच्या वखारींचं नाव घेऊन उदक सोडलं, तर चालेल तुम्हाला?"

लोक हसले. मग सगळ्यांचं लक्ष सामाकडे गेलं. राजा वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. त्याने निवाडा दिला की दान पक्कं, आणि ते भद्रकीर्तीच्या वखारींतून. निधीला हात लावेल त्याला चोराची शिक्षा.

भद्रकीर्तीची दोन गलबतं विकली गेली, वखारी रिकाम्या झाल्या. धुसफुसत, शिव्याशाप देत का होईना, पण त्याने शंभरावा खांब उभा केला. वाटसरू तिथे उतरू लागले. तेव्हा राजा सोमिलाला म्हणाला, "या लबाडाचं नाव मी दारावर घालू देणार नाही."

"घालू द्या, महाराज," सोमिल म्हणाला. "आता ते खरं आहे."

सामाच्या घरी ठरल्या वेळी भात येत राहिला.

जेतवनात ही कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा विजितसेन राजा म्हणजे आजचा आनंद. सामा आज भिक्खुणींच्या संघात आहे. भद्रकीर्ती म्हणजे तो मागे बसलेला भिक्खू, जो मिळालेली भिक्षा आधी दुसऱ्याच्या पात्रात वाढतो आणि आपलं नाव विचारलं की मान खाली घालतो. सोमिल श्रेष्ठी मीच होतो."

एका भिक्खूने विचारलं, "भगवान, मग ही दानाची कथा म्हणायची का?"

"नाही. सोमिलाने त्या दिवशी कोणाला काही दिलं नाही. जे कोणी दिलेलं नव्हतं, ते त्याने घेऊ दिलं नाही. याला शील म्हणतात. दान त्याच्यानंतर येतं."